टाकीत तेल, तेवढाच पल्ला



दिवाळीच्या सुट्टीआधी मी आणि माझा रूमपार्टनर बाईकवर नांदेडहून लातूरला निघालो होतो. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. साधारण एकशेचाळीस किलोमीटर. निघण्याआधी आम्ही दोघांनी, होणाऱ्या इंजिनिअरना शोभेल असा हिशेब केला. कंपनी म्हणते लिटरला पन्नास, टाकीत तीन लिटर, म्हणजे काळजी नाही. अहमदपूर सोडल्यावर गाडी खोकायला लागली आणि मग बंदच पडली. दोघांचं वजन, पाठीवरच्या बॅगा, समोरचा वारा आणि ऐंशीचा स्पीड हे कंपनीच्या पन्नासमध्ये धरलेलं नव्हतं. पुढचे तीन किलोमीटर आम्ही गाडी ढकलली. इंजिन एकदम फिट, टायरमध्ये हवा, चालवणारा हुशार (असं तो म्हणतो), आणि तरीही गाडी म्हणजे नुसतं ओझं.

त्याच आठवड्यात लायब्ररीत १९६५ च्या युद्धावरचं वाचत बसलो होतो आणि एक नाव सारखं पुढे येत होतं. यशवंतराव चव्हाण. नांदेडमध्ये नुसतं चव्हाणसाहेब म्हटलं की लोकांना शंकरराव आठवतात, ते साहजिकच आहे. गंमत म्हणजे दोघेही मुख्यमंत्री झाले, दोघेही देशाचे गृहमंत्री, संरक्षणमंत्री आणि अर्थमंत्री झाले. पण हा लेख कराडच्या चव्हाणांबद्दल आहे. त्यांच्या राजकारणावर खूप लिहिलं गेलंय. मला त्यांच्या आयुष्यातला एकच धागा धरायचा आहे, जो आपल्या शाखेच्या जवळचा आहे. तो म्हणजे जहाजं, तेल आणि पल्ला.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावातला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आता सांगलीत आहे. वडील कोर्टात बेलिफ. ते लवकर गेले आणि आई विठाबाईंनी मुलांना वाढवले. शाळा कराडला, कॉलेज कोल्हापूरला राजारामला, वकिली पुण्यात. मधे १९३२ साली झेंडा लावल्याबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा. १९४२ मध्ये लग्न झाले आणि त्याच वर्षी चलेजाव चळवळीत ते भूमिगत झाले. १९४६ ला आमदार, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. हीच तारीख आपल्यालाही महत्त्वाची, कारण त्याच दिवशी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. म्हणजे आपल्या आजोबांचे पहिले मराठी मुख्यमंत्री हेच. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री तेच झाले, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलंय, त्यामुळे पुढे जातो.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि नेहरूंनी चव्हाणांना दिल्लीला बोलावले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, असे आपल्याकडे अजून म्हटले जाते. सह्याद्री आणि हिमालय, दोन्ही डोंगरच. या सगळ्यात समुद्र कोणाच्याच डोक्यात नव्हता. मार खाल्ला होता तो बर्फात, त्यामुळे पैसा गेला तो डोंगरी तुकड्यांना, रस्त्यांना आणि विमानांना. नौदल रांगेत शेवटी उभे होते. माझ्या मते त्यात चव्हाणांची चूक काढता येणार नाही. घराला आग लागली असताना कोणी विहीर खोल करत बसत नाही.

पण नौदलाची अवस्था अशी होती की आज ना उद्या कोणाला तरी बघावेच लागणार होते. बहुतेक जहाजे इंग्रजांची जुनी किंवा इंग्लंडमध्ये बांधलेली. चव्हाणांनी १९६४ मध्ये तीन दौरे केले. मे महिन्यात ते अमेरिकेत होते. नेहरू गेल्याची बातमी त्यांना तिथेच कळली आणि दौरा अर्धवट टाकून ते परतले. सप्टेंबरमध्ये मॉस्को, नोव्हेंबरमध्ये लंडन. अमेरिकेने युद्धनौका देण्यात रस दाखवला नाही. इंग्लंडने पाणबुडी परवडेल अशा अटींवर दिली नाही, पण लिअँडर जातीच्या फ्रिगेट मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधायला तयारी दाखवली. रशियाने मात्र पाणबुड्या आणि पेत्या जातीच्या छोट्या वेगवान युद्धनौका द्यायचे मान्य केले. १९६५ मध्ये त्याचा करार झाला. पहिली पाणबुडी, आयएनएस कलवरी, ८ डिसेंबर १९६७ ला नौदलात आली. माझगावची पहिली फ्रिगेट, आयएनएस निलगिरी, १९७२ मध्ये. दोन्ही वेळी चव्हाण त्या खात्यात नव्हते. मंत्री बी पेरतात आणि भलत्याच माणसाच्या हातून फीत कापली जाते, हे आपल्या कॉलेजच्या नव्या वर्कशॉपबाबतही झालंय. असो.

आता १९६५ कडे येऊ, कारण खरी ठेच तिथे लागली. सप्टेंबरमध्ये पाकिस्तानशी युद्ध पेटले तेव्हा आपली विक्रांत दुरुस्तीसाठी गोदीत होती. ताफ्याची मुख्य जहाजे बंगालच्या उपसागरात होती, ती सगळा दक्षिण किनारा फिरून मुंबईला यायची होती. इंडोनेशियाचा कल तेव्हा पाकिस्तानकडे होता आणि अंदमान-निकोबारची काळजी होती. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी जहाजांनी द्वारकेवर तोफा डागल्या. नुकसान नगण्य झाले, पण मान खाली गेली. आयएनएस तलवार ही फ्रिगेट तेव्हा जवळच ओखा बंदरात दुरुस्तीसाठी थांबली होती. शत्रू दारात, आणि आपलं जहाज बिघडलेल्या मशिनरीसह धक्क्याला. मेकॅनिकलच्या मित्रांनी ही गोष्ट जरा लक्षात ठेवावी. मेंटेनन्सचा पेपर ऑप्शनला टाकणाऱ्यांनी तर जास्तच.

त्यात सरकारचा आदेश आला की ताफ्याने मुंबईपासून दोनशे मैलांपलीकडे आणि पोरबंदरच्या रेषेच्या उत्तरेला जायचे नाही. नौदलप्रमुख होते व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण. मंत्रीही मराठी, प्रमुखही मराठी. सोमणांनी हरकत घेतली, पण आदेश बदलला नाही. लढाई समुद्रावर पसरू द्यायची नाही असे सरकारचे धोरण होते. नौदलातल्या लोकांना ते फार लागले आणि पुढे लिहिल्या गेलेल्या नौदलाच्या इतिहासात ती खंत उतरली आहे. चव्हाणांचे चाहते हा प्रसंग पटकन उलटून टाकतात. मला वाटते तो उलटू नये. जमिनीवर लाहोरच्या दिशेने जाण्याचा निर्णय झाला तेव्हा चव्हाण ठाम होते, हवाई दलाला परवानगी त्यांनी काही मिनिटांत दिली. समुद्राच्या बाबतीत मात्र हात आखडला. पण आदेश नसता तरी जुना ताफा, गोदीतली विक्रांत आणि समुद्रात तेल भरून देणारी अपुरी सोय, एवढ्यावर कराचीसमोर किती दिवस उभे राहता आले असते, हा प्रश्न उरतोच.

इथे जरा आपल्या विषयात शिरतो. जहाजाचा पल्ला म्हणजे टाकीतले तेल भागिले दर मैलाला जळणारे तेल. दिसायला सोपे. पण पाण्यातून जाताना लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट केला की शक्ती आठपट लागते. अंतर निम्म्या वेळात कापले जाते, म्हणून दर मैलाचे तेल चौपट. म्हणजे जे जहाज सावकाश चालले तर चार हजार मैल जाईल, ते पूर्ण वेगाने पळाले तर हजारातच कोरडे पडेल. आणि लढाईत सावकाश कोण चालतो? त्यात परत यायचे तेल वेगळे ठेवावे लागते. मुंबई ते कराची सुमारे पाचशे सागरी मैल, म्हणजे जाऊन-येऊन हजार झाले. म्हणून मोठ्या नौदलांकडे तोफांइतकीच महत्त्वाची एक बिनतोफेची नौका असते, तेलाची टँकर. भर समुद्रात दोन जहाजे तीस-चाळीस मीटर अंतर ठेवून एकाच वेगाने शेजारी-शेजारी चालतात, मधे दोर आणि पाइप टाकतात आणि चालता-चालता टाक्या भरतात. आपल्या नौदलाला अशी मोठी टँकर, पश्चिम जर्मनीत बांधलेली आयएनएस दीपक, १९६७ मध्ये मिळाली.

१९६६ च्या शेवटी चव्हाण गृहमंत्री झाले आणि जून १९७० मध्ये अर्थमंत्री. १९७१ च्या युद्धात ते तिजोरीवर बसलेले होते. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित आलेले. पत्रांवर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे ते याच खर्चासाठी. जुन्या पाकिटांवर ते अजून सापडते.

आणि मग ४ डिसेंबर १९७१. निपात, निर्घात आणि वीर या तीन छोट्या रशियन क्षेपणास्त्र बोटी, सोबत किलतान आणि कछाल या दोन पेत्या जातीच्या नौका, आणि पोषक नावाची टँकर. क्षेपणास्त्र बोटी नंतर घेतलेल्या होत्या, पण पेत्या या चव्हाणांच्या काळातल्या कराराचे फळ. क्षेपणास्त्र बोट ही मुळात बंदराचे रक्षण करायला बनवलेली. तीन डिझेल इंजिने, वेग भन्नाट, टाकी लहान. अशा बोटींनी कराचीवर जायचे म्हणजे आमच्या बाईकने दिल्ली गाठण्यासारखेच. म्हणून टँकर बरोबर. दिवसभर हा गट कराचीच्या दक्षिणेला अडीचशे मैलांवर, शत्रूच्या विमानांच्या टप्प्याबाहेर थांबला आणि अंधार पडल्यावर वर सरकला. खैबर ही विनाशिका बुडाली, मुहाफिज हा सुरुंगशोधक बुडाला, दारूगोळा आणणारे एक मालवाहू जहाज गेले. मग कियामारीच्या तेलाच्या टाक्यांवर क्षेपणास्त्र सुटले. त्याच दिवशी हवाई दलाच्या हंटर विमानांनीही त्या टाक्यांवर मारा केला होता, त्यामुळे पहिली आग कोणाची यावर दोन्ही दलांत अजून प्रेमळ भांडण चालते.

पुढचा भाग फार कमी लोक सांगतात. पाकिस्तानी विमानांनी लगोलग ओखा बंदरावर बाँब टाकले. बोटी आधीच हलवल्या होत्या, त्या वाचल्या. पण त्यांना तेल भरायची टाकी आणि धक्का उडाला. बोटी शाबूत, खलाशी शाबूत, क्षेपणास्त्रे शाबूत, आणि तरी पुढचे काही दिवस दुसरा हल्ला करता आला नाही. कारण तेलाची सोय गेली होती. एका टाकीने सबंध ताफ्याचा हात आखूड केला. शेवटी ८ डिसेंबरच्या रात्री विनाश ही एकच बोट, त्रिशूल आणि तलवार या दोन फ्रिगेटबरोबर गेली. हो, तीच तलवार जी १९६५ ला ओख्यात अडकली होती. त्या रात्री कियामारीच्या टाक्या पुन्हा पेटल्या आणि पाकिस्तानी नौदलाची तेलवाहू नौका ढाका हिलाही मार बसला. टाक्या आणि टँकर दोन्ही गेल्यावर उरलेला ताफा बंदरात बसून राहिला.

तिकडे बंगालच्या उपसागरात विक्रांत लढली ती चारपैकी एका बॉयलरला भेग असताना, वेग कमी ठेवून. आणि अमेरिकेने धाक दाखवायला पाठवलेली एंटरप्राइझ ही अणुशक्तीवर चालणारी. आठ रिॲक्टर, जहाज चालवायला तेलाचा थेंब लागत नाही. तिच्यावरच्या विमानांना मात्र लागते. आणि सोबतच्या तेलावर चालणाऱ्या जहाजांनाही.

युद्ध जिंकले आणि लगेच १९७२ चा दुष्काळ आला. तो आपल्याकडे सांगायची गरज नाही. कोणत्याही गावात आजीजवळ बसा, खडी फोडण्याची कामं, सुकडी आणि लाल मिलो यांच्या गोष्टी निघतातच. तिजोरी रिकामी होत होती. चव्हाणांनी १९७३-७४ चा अर्थसंकल्प मांडला तो ५५० कोटींच्या तुटीचा, त्याला काळा अर्थसंकल्प असे नाव पडले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध सुरू झाले. अरब देशांनी तेल हे हत्यार म्हणून वापरले. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेले तेल जानेवारी १९७४ पर्यंत अकराच्या वर गेले. सौदीने अमेरिकी सैन्याला जाणारे तेल तोडले, तेव्हा जगातल्या सर्वांत बलाढ्य नौदलालाही फेऱ्या कमी कराव्या लागल्या. ज्यांच्याकडे एंटरप्राइझ होती त्यांची ही गत.

आपल्याकडे चव्हाणांना पेट्रोलवरचा कर वाढवावा लागला. रॉकेल महागले. नोव्हेंबर १९७३ मध्ये अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत आले. फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. पण त्या बैलगाडीसमोर उभ्या असलेल्या अर्थमंत्र्याचा विचार करा. नऊ वर्षांपूर्वी हाच माणूस मॉस्को आणि लंडनला जहाजे मागत फिरला होता. आता ती जहाजे येऊ लागली होती, निलगिरी पाण्यात होती, पुढच्या फ्रिगेट माझगावात उभ्या राहत होत्या. प्रत्येकीच्या बॉयलरला रोज तेल पाहिजे होते. तेच परकीय चलन खताला, धान्याला आणि ट्रॅक्टरच्या डिझेललाही पाहिजे होते. एका डॉलरला चार गिऱ्हाईके. जहाज एकदा विकत घेता येते, तेल दर आठवड्याला घ्यावे लागते. आपल्यालाही हे माहीत आहे, गाडी बाबा घेऊन देतात पण पेट्रोल पॉकेटमनीतून जातं.

इराण आणि इराककडून उधारीवर तेल मिळवण्याचे करार १९७४ मध्ये झाले. एस्सो ही परदेशी कंपनी सरकारने त्याच वर्षी ताब्यात घेतली. जुलैमध्ये चव्हाणांनी पगारदारांचा काही भाग सक्तीने ठेवीत टाकायला लावला, लोक चिडले. या उपायांवर अर्थशास्त्रज्ञांचे एकमत नाही आणि त्यात पडण्याइतका मी शहाणा नाही.

नशीब मात्र एका बाबतीत बरोबर होते. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात सागर सम्राट या जपानमध्ये बांधलेल्या रिगला तेल लागले. तेच बॉम्बे हाय. २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झाले. तोवर चव्हाण परराष्ट्रमंत्री झाले होते आणि हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिका करत असलेल्या वाढीबद्दल भारताचा विरोध मांडत होते. तिथे धावपट्टीबरोबर काय वाढवत होते, तर तेलाच्या टाक्या. अमेरिकेला आपल्या घरापासून हजारो मैलांवर ताफा ठेवायचा होता आणि त्यासाठी वाटेत पेट्रोलपंप पाहिजे होता, एवढा साधा हिशेब.

बॉम्बे हायने दुसरे एक काम वाढवले. समुद्रात उभे असलेले प्लॅटफॉर्म राखणार कोण? १९७७ मध्ये तटरक्षक दल सुरू झाले त्याच्या मागच्या कारणांत हेही एक होते. म्हणजे तेल राखायला जहाजे, आणि जहाजे चालवायला तेल. ऐंशीच्या दशकात बॉम्बे हायमुळे आपली गरज बरीचशी देशातच भागत होती. ते दिवस गेले. जुने क्षेत्र आटत चालले आहे, मागणी कित्येक पट वाढली आहे आणि आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातले पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक बाहेरून येते. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे जमिनीखाली खडकात गुहा कोरून ५३.३ लाख टन तेल साठवायची सोय केली आहे. सिव्हिलच्या मुलांनी त्यावर सेमिनार घ्यायला हरकत नाही. २०२२ मध्ये आलेली नवी विक्रांत चार गॅस टर्बाइनवर चालते, तिलाही तेलच लागते. अणुशक्तीवर चालणाऱ्या अरिहंतसारख्या पाणबुड्या सोडल्या तर आपला सगळा ताफा आजही टाकीला बांधलेला आहे. २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा आपल्या दहाहून अधिक युद्धनौका अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताकडे महिनोन्‌महिने फिरत होत्या. त्या फिरू शकल्या कारण मागे टँकर होत्या आणि टँकर भरायला तेल होते.

चव्हाणांचा शेवटचा काळ फार सुखाचा नव्हता. १९७७ नंतर सत्ता गेली, १९७९ मध्ये थोडे दिवस उपपंतप्रधानपद, मग काँग्रेसमध्ये परतायला लागलेला वेळ. आठव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद मिळाले, ते काम त्यांनी मन लावून केले. १९८३ मध्ये वेणूताई गेल्या आणि ते एकटे पडले. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचे निधन झाले.

गेल्या उन्हाळ्यात एका मित्राच्या लग्नाला कराडला गेलो होतो. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात त्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. वेणूताईंच्या नावाच्या स्मारकात त्यांची पुस्तके ठेवली आहेत. त्या वेळी आम्ही एसटीने गेलो होतो. डिझेलची काळजी ड्रायव्हरकाकांना.